शरणपुराच्या वेशीतील जामीन

वाचनपाठ : यहोशवा २०:१-६, उत्पत्ति ४३:८-९



इस्राएल लोकांस वतने वाटून दिल्यावर यहोशवाने सहा नगरे निराळी नेमिली. त्यांस शास्त्रात शरणपुरे म्हटले आहे. मनात द्वेष नसता ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला, त्याने तेथे पळून जावे अशी ती योजना होती. हा भाग वाचताना आपले लक्ष बहुधा पळणाऱ्याकडे आणि त्याच्या पाठीस लागलेल्या सूड घेणाऱ्याकडे जाते. वेशीत बसलेल्या वडिलांकडे ते जात नाही. परंतु चवथे वचन नीट पाहा. पळून आलेल्याने वेशीत उभे राहून वडिलांस आपली हकीकत सांगावी, त्यांनी ती ऐकून घ्यावी, मग त्याला आत घेऊन राहावयास जागा द्यावी. त्याचा न्याय अद्याप व्हावयाचाच असतो. मंडळीपुढे उभे राहणे त्याला चुकलेले नाही. म्हणजे शरणपूर ही सुटका नव्हे. सूड आणि न्याय ह्यांच्या मध्ये देवाने ठेविलेली ती ऐकून घेण्याची जागा होय.

मराठी ख्रिस्ती लोकांस हे नाव परके नाही. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात नाशिकाजवळ जे ख्रिस्ती गाव वसविले, त्याचे नाव शरणपूरच ठेविले, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस तेथे आसरा मिळाला.

आता आपल्या काळाकडे वळू. मनाने आजारी असलेल्या मनुष्याच्या हातून अपराध घडतो, तेव्हा त्याची अवस्था त्या पळणाऱ्याहून बिकट असते. कारण पळणाऱ्यास निदान आपली हकीकत सांगता येत होती, ह्याला तीही सांगता येत नाही. मी हे माणिकपुराहून लिहीत आहे. वसई रोड स्टेशन येथून जवळ. कोठून आलो हे न सांगू शकणारी, स्वतःशीच बोलणारी माणसे अशा स्टेशनांवर गाडीतून उतरतात. भूक लागली की हातगाडीवरचे केळे उचलतात, रात्र झाली की कोणाच्या तरी पडवीत शिरून निजतात. लोक चोर म्हणून धरतात, दोन चपराका देतात, मग पोलीस चौकी. चोर कोण व आजारी कोण, हा भेद त्या गर्दीत कोणी करावा?

कायद्याने हा भेद करण्याची आज्ञा दिली आहे, हे आपल्या पुष्कळ बांधवांस ठाऊक नाही. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १००व्या कलमाप्रमाणे असा भटकत असलेला मनुष्य सापडल्यास पोलिसांनी त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी न्यावयाचे असते. त्याला कोठडीत अथवा तुरुंगात ठेवावयाचे नसते. तो बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून त्याच्या आप्तांचा शोध घेणे हेही ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य होय. १०२व्या कलमान्वये मॅजिस्ट्रेट अशा मनुष्यास तपासणीसाठी मानसिक रुग्णालयात १० दिवसांपर्यंत ठेवण्याची आज्ञा देऊ शकतो. ही व्यवस्था सहज आली असे कोणी समजू नये. कोणताही अपराध न केलेल्या मनोरुग्णांस तुरुंगात डांबणे बेकायदेशीर व राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दिला, आणि तो शीला बर्से ह्या मुंबईच्या पत्रकार बाईंच्या अर्जावर दिला.

बरे, अपराधाची नोंद झाली व मनुष्य न्यायालयापुढे उभा राहिला तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचीही तरतूद आहे. आरोपीचे मन ठिकाणावर नाही व त्याला आपला बचाव करता येत नाही असे मॅजिस्ट्रेटास वाटल्यास, त्याने सिव्हिल सर्जनाकडून तपासणी करवावी. आजार दिसल्यास पुढे मनोविकारतज्ज्ञ अथवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ ह्यांजकडे पाठवावे. वेशीत बसलेले वडील मला येथे दिसतात. परदेशांत ही वेस अधिक रुंद केलेली आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या ब्रोवर्ड परगण्यात १९९७ साली मनोरुग्ण आरोपींसाठी निराळे न्यायालय उघडले. त्या देशात आता अशा न्यायालयांत न्यायाधीशाच्या जोडीस मानसोपचार करणारी माणसे बसतात, आणि आरोपीला तुरुंगाकडून उपचाराकडे वळविता येईल काय, ह्याचा विचार होतो. इंग्लंडात २००९ सालच्या लॉर्ड ब्रॅडली ह्यांच्या अहवालानंतर पोलीस ठाण्यांत व न्यायालयांत असे लोक नेमण्याचे काम वाढले. आपल्या तालुक्याच्या न्यायालयांत एवढा थाट नाही. तथापि काम तेच आहे.

ह्या कामाविषयी आपल्या मंडळ्यांत एक गैरसमज आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुष्कळांस वाटते की, डॉक्टराने वेडाचा दाखला दिला म्हणजे अपराधी सुटला. तसे नाही. तेथे दोन प्रश्न आहेत व ते अगदी भिन्न आहेत. अपराध करतेवेळी आपण काय करीत आहो, अथवा ते अयोग्य आहे, हे त्याला मनाच्या विकारामुळे कळत नव्हते काय, हा पहिला. आज त्याला आपल्यावरील आरोप समजतो काय व वकिलाशी बोलून बचाव करता येतो काय, हा दुसरा. मनुष्य तेव्हा शुद्धीवर असून आता आजारी असेल. तेव्हा आजारी असून आता बरा असेल. तज्ज्ञ आपले मत लिहून देतो; निवाडा न्यायाधीश करतो. आणि तज्ज्ञाची अडचण केवढी! इतरत्र रुग्ण त्याजपाशी जे बोलतो ते त्याच्या पोटात राहते. येथे तो न्यायालयासाठी लिहीत असतो. म्हणून प्रामाणिक तज्ज्ञ प्रथम रुग्णास सांगतो की, बाबा, तू मला सांगशील ते मला कागदावर घालावे लागेल. मग तो झोपेविषयी विचारतो, अन्नाविषयी विचारतो, कानांत आवाज येतात काय हे विचारतो. आणि जेथे रुग्ण गप्प, तेथे आप्तांस विचारतो.

येथे आपली जबाबदारी सुरू होते. कारण आप्त बहुधा खोटे बोलतात. आजार लपवितात. मुलीचे लग्न राहील, सोयरे काय म्हणतील, मंडळीत नाव जाईल. दहा वर्षे औषध चालू असून केसपेपर चुलीत घातलेले असतात. पुढे मुलाच्या हातून काही घडले म्हणजे तो आधीपासून आजारी होता हे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच बाजूवर येतो, आणि दाखवावयास कागद नसतो. काही घरे तर दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. भूत लागले म्हणून मुलास बांधून ठेवितात. मार्काच्या पाचव्या अध्यायात गावकऱ्यांनी त्या थडग्यांत राहणाऱ्या मनुष्यास बेड्याच घातल्या होत्या, आणि तो शुद्धीवर येऊन वस्त्र नेसून बसला तेव्हा ते भ्याले. प्रभूने त्याला बरोबर नेले नाही. त्याच्या घरी, त्याच्या लोकांत परत पाठविले. मला वाटते, त्या गावाची खरी परीक्षा त्या संध्याकाळी सुरू झाली.

आता ज्या कलमासाठी मी हे सर्व लिहीत आहे ते सांगतो. त्याच संहितेच्या ३६९व्या कलमात असे आहे की, ज्याला रुग्णालयात ठेवण्याची गरज नाही अशा आजारी आरोपीला जामिनावर सोडावे. मात्र कोणी नातेवाईक अथवा मित्राने दोन गोष्टींची हमी द्यावी. एक, जवळच्या दवाखान्यात त्याला नियमित नेऊन उपचार करवीन. दुसरी, तो स्वतःला अथवा इतरांस इजा करणार नाही अशी काळजी घेईन. बंधूंनो, शब्द पाहा : नातेवाईक अथवा मित्र. सरकारने कायद्याच्या पुस्तकात मित्रासाठी एक जागा मोकळी ठेविली आहे. तज्ज्ञाने कितीही चांगला अहवाल लिहिला तरी त्या जागेवर कोणी सही केली नाही, तर मनुष्य बाहेर येत नाही.

ती जागा रिकामी राहिल्यास काय होते, हे आसामातील मचल लालुंग ह्या मनुष्याने भोगिले. १९५१ साली त्याला पकडून तेजपूरच्या मानसिक रुग्णालयात पाठविले. १९६७ साली तो बरा आहे असे तेथील डॉक्टरांनी कळविले. तरी तो सुटला नाही. खटलाही चालला नाही. २००५ च्या जुलैत, ५४ वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले. डॉक्टरांनी आपले काम केले होते. कागद वेशीत पोहोचला होता. त्याचे नाव घेऊन विचारपूस करणारे बाहेर कोणी नव्हते.

कोणी म्हणेल, नीतिसूत्रांत जामीन होण्याविरुद्ध ताकीद आहे. आहे खरी; परंतु ती दुसऱ्याच्या कर्जासाठी आपले घर गहाण टाकणाऱ्यास आहे. यहूदाने बन्यामिनासाठी बापाला काय वचन दिले ते आजच्या दुसऱ्या पाठात पाहा. मुलाला परत आणून उभा केला नाही तर दोष माझ्या माथी, असे त्याने म्हटले, आणि पुढच्याच अध्यायात योसेफापुढे ते वचन पाळावयास तो स्वतः गुलाम होऊ लागला. अनेसिमासाठी पौलाने फिलेमोनास लिहिलेले पत्र ह्याच जातीचे आहे. आणि इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूस जामीन हीच पदवी दिली आहे. ज्याच्या जामिनावर आपण स्वतः मोकळे फिरतो, त्याच्या मंडळीने हा शब्द ऐकून मागे सरावे, हे मला पटत नाही.

दुसरी शंका अधिक खरी आहे : आजारी मनुष्याने पुन्हा काही केले तर? भीती योग्य आहे, आणि ज्याला रुग्णालयाचीच गरज आहे त्याच्यासाठी हे कलम नाहीच. कोण बाहेर राहू शकेल हे तज्ज्ञ ठरवितो. भिडेने कोणी सही करू नये. आपल्या भागास ठाण्याचे प्रादेशिक मानसिक रुग्णालय आहे. ते १९०१ पासून चालू आहे. रस्त्यावरील बेवारस रुग्णांस बरे करून घरी पोहोचविण्याचे काम कर्जतला डॉक्टर भरत वाटवानी ह्यांची श्रद्धा संस्था करते; त्याबद्दल त्यांस २०१८ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. तुरुंगांत व न्यायालयांत समाजसेवक पाठविणारा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटचा आहे. आणि ती संस्था १९३६ साली ज्यांच्या पुढाकाराने निघाली ते क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते, हे जाता जाता सांगितले तर वावगे होऊ नये.

वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या कायद्यान्वये मनोरुग्णास तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे.

अनुवाद १९:३ मध्ये शरणपुरांकडे जाण्याचे रस्ते तयार ठेवण्याची आज्ञा आहे, आणि यहूदी परंपरा सांगते की, चौरस्त्यांवर तिकडचा मार्ग दाखविणाऱ्या पाट्या असत. प्रत्येक मंडळीच्या पंचांनी येत्या सभेत दोन नावे ठरवावी : एक, पोलीस ठाण्यात जाऊन १००वे कलम शांतपणे वाचून दाखविणारा, दुसरा, सही करून मग दर महिन्यास दवाखान्याच्या तारखेला स्वतःच्या कामाचा खाडा करून त्या मनुष्याबरोबर रांगेत उभा राहणारा. ज्या घरांत जुने केसपेपर असतील, त्यांनी ते आज पेटीत घालून ठेवावे.