नाही म्हणण्याची सोय

दिवाळीच्या अंकात परक्याच्या दुःखाचा विषय काढू नये, असे आमच्या घरातून सांगण्यात आले. पण चकली मोडता मोडता आपण वर्तमानपत्र उघडतो, कोणा झोपडीतल्या बाईचे रडणे वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. तेव्हा विषय तसा घरातलाच आहे.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या बापाने कर्जापायी गळफास घेतला. बातमीदार आला. वस्तीवरची माणसे त्याच्याशी बोलेनात, म्हणून मला बरोबर घेऊन गेला. मीच म्हणालो, “वहिनी, सांगा. चार लोकांना कळेल.” तिने सारे सांगितले. दोर कुठे बांधला होता, आधी कोणी पाहिले, सारे. आधी पाहणारा पोरगा दाराशी उभा राहून ऐकत होता. बातमीत एक अक्षर खोटे नव्हते. मी कौतुकाने कात्रण शाळेच्या फलकावर लावले. पोरगा आठ दिवस शाळेत आला नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हे आधी सुचू नये!

पुढे मी तिला विचारले, तेव्हाच नको का म्हणाला नाहीत? ती म्हणाली, “मास्तर, तुम्ही आणलंत त्यांना. नाही कसं म्हणू?”

मग लिहूच नये का? तसेही म्हणवत नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका पोरक्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोषी धरलेले पोलीस १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातून सुटले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणून तिची संमतीच होती असे धरले गेले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. सगळे गप्प राहिले असते तर?

त्याच दुरुस्तीने अशा पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरवले. मौज अशी, मौज कसली म्हणा, की जिच्यामुळे हे झाले तिचेच नाव त्या खटल्याला आजतागायत चिकटून आहे. मी ते इथे लिहीत नाही.

तिने लेखी संमती दिली तर नाव छापता येते, अशीही सोय कायद्यात आहे. वाचायला रास्त वाटते. पण मास्तर, बातमीदार, फौजदार यांच्यापुढे अंगठा उठवणाऱ्या हाताची संमती कितीशी? ठाण्यात ती ओरडली नाही म्हणून संमती, आणि ओट्यावर ती उठून गेली नाही म्हणूनही संमती! ‘नाही’ म्हणायला फुरसत हवी, आडोसा हवा आणि उद्या शब्द परत घेण्याची मुभा हवी. त्या ओट्यावर आम्ही यातले काहीच नेले नव्हते. पोराला निदान खेळायला तरी पाठवता आले असते.

कात्रण मी काढले. टाचण्यांची चार भोके तेवढी फलकावर राहिली आहेत. पोरगा आता नववीत आहे. फलकापाशी आला की अजून पलीकडच्या बाजूने जातो.