यंत्राचा श्वास आणि मालकाचा हक्क

पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली होते, हे निर्विवाद आहे; परंतु ती किती आपली होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मोटारगाडीच्या बाबतीत तो विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते. अनेक हौशी मालक इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गात घरच्या घरी फेरफार करतात. एअर फिल्टरच्या डब्याला भोके पाडणे, डबा काढून उघडा, निमुळता फिल्टर बसविणे, थंड हवेसाठी बंपरमागून वेगळी नळी ओढणे, हे त्यातील नेहमीचे प्रकार. गाडीने मिसिंग मारू नये, झटके देऊ नयेत, एवढाच हेतू. त्यात वावगे काही नाही. तरीही या लहानशा उद्योगात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

प्रथम हाताच्या कसबाची बाजू मांडली पाहिजे. अॅम्बॅसेडर आणि फियाटच्या काळात बॉनेट उघडून कार्ब्युरेटर साफ करणे, प्लग घासून त्याची फट जुळविणे ही कामे कितीतरी गृहस्थ स्वतः करीत. ज्या वस्तूचे अंतरंग आपणांस मुळीच कळत नाही, तिची मालकी कागदापुरतीच उरते. म्हणून ‘कंपनीने दिले तेच प्रमाण, त्याला हात लावू नये’ हा सरसकट उपदेश आम्हांस मान्य नाही. तो माणसाला परावलंबी करतो आणि त्याचे कुतूहल मारतो.

परंतु कसबाला ज्ञानाची जोड हवी. पेट्रोल पुरते जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे साधारण नऊ ते दहा हजार लिटर हवा इंजिन ओढून घेते. आधुनिक गाडीत या हवेचे मोजमाप संवेदक करतात व त्यानुसार पेट्रोल सोडले जाते. शहरातील संथ चालीत हवेला मुख्य अडसर असतो तो थ्रॉटलच्या झडपेचा. फिल्टर स्वच्छ असेल तर त्याचा अडसर नगण्यच. तेव्हा डब्याला भोके पाडून तेथे फारसे काही साधत नाही. गाडी झटके देत असेल, तर बहुधा प्लग झिजलेला असतो, थ्रॉटलवर काजळी बसलेली असते किंवा एखाद्या रबरी नळीला चीर जाऊन न मोजलेली हवा आत शिरत असते.

मग फेरफारानंतर गाडी ‘मोकळी’ झाल्यासारखी का वाटते? कारण फिल्टरचा डबा हवा गाळण्याबरोबर तिचा आवाजही दाबतो. डबा गेला की इंजिनाचा श्वास ऐकू येतो आणि कानाला ते सामर्थ्य वाटते. आपल्या दर्शनांनी प्रत्यक्षाला प्रमाण मानले, पण भ्रमापासून त्याला वेगळे करण्याची काळजीही घेतली. येथे तीच काळजी सुटते.

खरा प्रश्न याहून खोल आहे. या कर्माचा कर्ता एक आणि भोक्ता दुसराच असतो. माळव्यातील उन्हाळ्यात उडणारी बारीक धूळ ढिलाईने बसविलेल्या फिल्टरच्या कडेने आत गेली, तर ती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती हळूहळू झिजविते. इंजिन तेल खाऊ लागते, निळसर धूर सोडू लागते. तोवर गाडी कदाचित दुसऱ्याच्या दारात गेलेली असते. खाली ओढलेली नळी पावसात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी शोषू शकते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि भुर्दंड पडतो तो त्या नळीची वार्ताही नसलेल्या नव्या मालकाला. मिश्रणाचा तोल बिघडला, तर सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपले काम नीट करीत नाही. इंजिन हवा घेते ती सर्वांची आणि परत सोडते तीही सर्वांमध्येच. त्या हवेत शेजाऱ्याचे तान्हे मूल असते, दम्याचा रुग्ण असतो.

कायदा याबाबत काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाने केलेल्या नियमबाह्य बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मात्र नोंदणी प्रमाणपत्रात फिल्टरच्या डब्याचा उल्लेख नसतो. पी.यू.सी.ची तपासणी उभ्या गाडीवर होते आणि तिच्यात नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. कागद निर्दोष असूनही कृती सदोष असू शकते, हे शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना वेगळे सांगावयास नको. जेथे कलमांची नजर पोहोचत नाही, तेथेच विवेकाचे काम सुरू होते.

हा विवेक ओळखावा कसा? आमच्या मते एकच कसोटी पुरेशी आहे: केलेला बदल ज्याला भोगावा लागेल, त्याला तो आपण निःसंकोच सांगू शकतो काय? फिल्टर वेळेवर बदलला, चिरलेली नळी काढून नवी घातली, थ्रॉटल स्वच्छ केला, हे मिस्त्रीला, गिऱ्हाइकाला, शेजाऱ्याला सहज सांगता येते. तेथे हाताचे कसब खुशाल चालवावे. एखादा मोठा बदल करावयाचाच असेल, तर तो नियमांत बसतो काय हे पाहावे, धुराची तपासणी आधी व नंतर करून घ्यावी, मूळ सुटे भाग जपून ठेवावेत आणि गाडी विकताना त्यांच्यासह सारा इतिहास सांगावा. जो बदल लपविल्याशिवाय गाडीला किंमत येत नाही, तो करताना आपण दुसऱ्याच्या खिशात आणि छातीत हात घातलेला असतो. गाडी आपली असते; पण तिचा श्वास आपल्या एकट्याचा नसतो.