सावलीचा धनी कोण?

आळंदीच्या आसपास चऱ्होली, मोशी, चिखली या गावांच्या शिवारात शेते मोडून मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली आहेत. घर ही प्रपंचाची गरज. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु जमीन विकली म्हणजे बांधावरचा जुना वडही तिच्याबरोबर विकला गेला काय, एवढेच आम्ही विचारतो.

कोणी म्हणेल, "बुवा, एक तोडलं तर दहा लावू की!" भरपाई कायद्यातही आहे. राज्याचा शहरी वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावावी असे ठरले. हिशेब चोख आहे. पण साठ रोपे मिळून आज एका वाटसरूपुरती सावली होत नाही. शिवाय संकुलातील बाग पुष्कळदा वाहनतळाच्या छतावर असते. तेथल्या उथळ मातीत हिरवळ वाढेल. वडाने मुळे कोठे पसरावी?

विहीर, तलाव, बाग यांना शास्त्रात पूर्तकर्म म्हणतात. त्याचे मर्म नुसते लावण्यात नाही, उत्सर्गात आहे. उत्सर्ग म्हणजे ती वस्तू सर्व जीवांसाठी सोडून आपले स्वामित्व मागे घेणे. बांधावरच्या वडाचा विधी कोणी केला नसेल. पण पाखरे, गुरे, मजूर, वारकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याखाली टेकले आणि मालकाने त्यांना उठवले नाही. उत्सर्ग याहून वेगळा तो काय? असे सोडलेले स्वामित्व, निदान धर्मदृष्टीने, खरेदीखताने परत येत नाही.

मग घरे बांधूच नयेत काय? तसे नव्हे. ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जागेत साधारणपणे दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. त्यासाठी कोपऱ्यातला उरलासुरला तुकडा काढण्यापेक्षा आधी उभी झाडे पाहावी, त्यांच्याभोवती तो हिस्सा आखावा, मग भिंती घालाव्या. रस्त्याकडेच्या झाडाला कुंपणाबाहेर राहू द्यावे. वाटसरूचा हक्क तेवढाच राखला जाईल.

सज्जनहो, तुमची मुलेबाळे अशा ठिकाणी घर पाहत असतील. पाण्याची, वाहनतळाची चौकशी करालच. सोबत एवढंही विचारा, की इथली जुनी झाडं कुठं आहेत? घेणारा विचारू लागला म्हणजे बांधणाराही राखू लागेल. रामकृष्णहरि.