बंधुतेला वैरी लागतोच का?

चेन्नईच्या पच्चैयप्पा किंवा प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झालेला मुलगा कोणत्या बसने किंवा लोकलने येतो, यावरून त्याचे सोबती ठरतात. एका रूटवरून येणाऱ्या मुलांचा एक गट असतो आणि गटाचा एक म्होरक्या, म्हणजे 'रूट तल'. बस भरली की मागच्या दारात लोंबकळत, पत्र्यावर ताल धरत 'गाना' या चेन्नईच्या खास प्रकारची गाणी सुरू होतात. त्यांत आपल्या कॉलेजची थोरवी असते आणि दुसऱ्याची टवाळी. वर्षातून एकदा 'बस डे'. त्या दिवशी बसला हार घालायचे, ड्रायव्हर-कंडक्टरचा सत्कार करायचा आणि मग टपावर चढून मिरवत जायचे. जून २०१९ मध्ये अशाच एका बसला अचानक ब्रेक लागला आणि टपावरची पोरे ढिगाने रस्त्यावर कोसळली. ते चित्रीकरण देशभर पाहिले गेले. पुढच्याच महिन्यात अरुंबाक्कम भागात सिटी बसमध्ये प्रवाशांच्या देखत कोयते निघाले. मारणारे आणि मार खाणारे दोघेही पच्चैयप्पाचेच, भांडण रूटचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रेसिडेन्सीचा एक विद्यार्थी सेंट्रल स्टेशनच्या परिसरात पच्चैयप्पाच्या मुलांनी केलेल्या मारहाणीनंतर काही दिवसांनी दगावला. पोलीस याला गुंडगिरी म्हणतात आणि त्यांच्या कामापुरते ते ठीकच आहे. पण गटातली मुले एकमेकांना भाऊ मानतात. रक्ताचे नाते नसलेल्याला भाऊ माना, हे माणसाला सर्वांत आग्रहाने सांगितले ते धर्मांनी. तेव्हा या नात्याची तपासणी धर्मविचाराच्या अंगानेही व्हायला हवी, नुसती दंडसंहितेच्या नव्हे.

या भावकीत खोटे काही नाही, इथूनच सुरुवात करणे भाग आहे. तिरुत्तणी किंवा गुम्मिडिपूंडीच्या बाजूने रोज तास-दीड तास लोकलने येणारा, घरातला कदाचित पहिलाच कॉलेजात पोचलेला मुलगा शहरात एकटा असतो. त्याच शहरात आयआयटीच्या झाडीत राहणाऱ्या मुलांना गोदावरी, तापी, नर्मदा अशा नद्यांच्या नावांची वसतिगृहे मिळतात. तिथल्या हॉस्टेलच्या अभिमानाला आणि हॉस्टेला-हॉस्टेलांतल्या चढाओढीला कोणी गुंडगिरी म्हणत नाही. ज्याला खोलीच मिळाली नाही त्याने बसला हॉस्टेल केले, तर नवल कसले? आणि प्रतिष्ठितांची बंधुमंडळे काही सोज्वळ नाहीत. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ग्रीक अक्षरांच्या नावांची मंडळे १७७६ पासून आहेत. त्यांतल्या अनेकांच्या नियमांत गोऱ्यांखेरीज कोणाला घेऊ नये असे कलम दुसऱ्या महायुद्धानंतरही होते. दीक्षाविधीच्या नावाखाली दारू पाजून तिथे आजवर कितीतरी मुले मेली, आणि त्याच मंडळांतून सिनेटर आणि बँकांचे धनीही निघाले. तेव्हा रूट तलाला झोडपून त्यांना सोडणे हा दुटप्पीपणा झाला. मात्र आतला जिव्हाळा खरा असणे, एवढ्यावर बंधुता सिद्ध होत नाही. जिव्हाळा दरोडेखोरांच्या टोळीतही असतो. बंधुतेची पारख तिच्या दाराशी होते: आत येणाऱ्याला काय सोसावे लागते, सोडून जाणाऱ्याचे काय होते, आणि जो कधीच आत नव्हता त्याच्याशी कसे वागले जाते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात या पारखीला उतरणारी एक कथा आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी सहा राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली. बुद्धासमोर आल्यावर त्या राजपुत्रांनीच विनंती केली, की आम्ही शाक्य फार गर्विष्ठ. आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे त्याला वंदन करणे आम्हाला भाग पडेल. भिक्खुसंघात मोठेपण कुळावर ठरत नाही, वयावरही नाही. जो आधी आला तो मोठा. नेमका हाच नियम रॅगिंगमध्येही चालतो, फक्त उफराटा. तिथे आधी आलेला नव्याचा मान मोडतो. इथे जन्माने वरचढ असलेल्यांनी आपला मान मोडून घेण्यासाठी खालच्या मानलेल्याला पुढे केले. चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठात नोव्हेंबर १९९६ मध्ये वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या मुलाचा सीनियरने खून केला, त्यानंतर १९९७ मध्ये तमिळनाडूने रॅगिंगबंदीचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. कायद्याने छळ थोडा आटोक्यात येतो, पण उपालीला आधी बसवणारी दानत कायद्याने येत नाही. संघाचे दुसरे दारही पाहण्यासारखे आहे. चीवर उतरवून घरी जाणाऱ्या भिक्खूला कोणी अडवत नाही, आणि हातून महादोष घडला नसेल तर त्याला पुन्हा येताही येते. संघात दीक्षाविधी आहे, वेश आहे, शेकडो नियम आहेत. म्हणजे बंदिस्तपणाची बाह्य लक्षणे सगळी आहेत. टोळी तो नाही, कारण त्याला उभे राहायला वैरी लागत नाही. (त्याच सहा जणांतला देवदत्त पुढे संघ फोडायला निघाला, हेही परंपरेने झाकून ठेवलेले नाही.)

डॉ. आंबेडकरांनी बंधुतेवर इतका भर दिला तो याच वाटेने जाऊन. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले, की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता अंगवळणी पडणार नाहीत, शिपाई बसवून त्या राखाव्या लागतील. आणि जाती राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या परस्परांत मत्सर पोसतात. जातीच्या आत माया नसते असे त्यांचे म्हणणे नव्हते. जातीइतकी माया दुसरीकडे सापडणे अवघड. लग्नाला, आजारपणाला, कोर्टकचेरीला जात धावून येते. दोष त्या मायेच्या कुंपणात आहे. १९५४ मध्ये आकाशवाणीवर बोलताना आपली तत्त्वत्रयी फ्रेंच क्रांतीची नसून बुद्धाकडून घेतलेली आहे असे त्यांनी सांगितले, तेही या संदर्भात महत्त्वाचे वाटते. क्रांतीतल्या बंधुतेला शत्रू लागत होता. बुद्धाच्या मैत्रीत तो बसत नाही. चेन्नईच्या ज्या विधी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे तिथे १२ नोव्हेंबर २००८ रोजी दोन जातींच्या विद्यार्थ्यांत काठ्या आणि सुरे चालले, आणि पोलीस फाटकाबाहेर उभे राहून पाहत होते. वाद पेटला तो त्यांतल्या तेवर जातीच्या पुढाऱ्याच्या जयंतीच्या पोस्टरांवरून. त्यांवर कॉलेजचे नाव छापताना 'डॉ. आंबेडकर' एवढेच गाळले होते. ती पोस्टरे लावणाऱ्यांतही आपसांत बंधुभाव भरपूर असणार.

कुंपण हाच दोष, या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप कोल्हापुरातून येतो. शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशी जातवार, धर्मवार बोर्डिंगे उभी केली. ती बंदिस्तच होती, आणि ती नसती तर बहुजनांच्या किती मुलांना अक्षरओळखीपलीकडे जाता आले असते कोण जाणे. दुबळ्याला आधी आपल्यांत उभे राहू द्या, सगळ्यांचा भाऊ तो मग होईल, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण त्याच कोल्हापुरात त्याची मर्यादाही दिसली. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात शिकत होते. १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला नाव मिळाले ते शाहू महाराजांचेच. म्हणजे जातवार बोर्डिंगे पायरी म्हणून बांधलेली होती, आणि साताऱ्याने ती पायरी ओलांडून दाखवली.

दुसरा आक्षेप असा, की सगळ्यांवर प्रेम करा म्हणणे सोपे, पण समोर प्रतिस्पर्धी नसेल तर माणसे एकवटतच नाहीत. चेन्नईच्याच मरीना किनाऱ्यावरच्या क्वीन मेरीज कॉलेजकडे पाहावे. १९१४ मध्ये सुरू झालेले हे मुलींचे कॉलेज पाडून तिथे सचिवालय बांधायचे सरकारने २००३ मध्ये ठरवले, तेव्हा मुली आवारात ठाण मांडून बसल्या आणि बेत बारगळला. भांडण होते, पण सरकारच्या निर्णयाशी. ज्यांना हरवून आपला मान वाढेल अशा दुसऱ्या कॉलेजच्या मुली त्यांना लागल्या नाहीत. त्यांना एकत्र आणले त्या जागेने आणि पुढे तिथे शिकायला येणाऱ्या मुलींच्या हक्काने. आता पुन्हा बसच्या दाराशी येऊ. रूट तलांकडून चेन्नईचे पोलीस चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेतात. म्होरक्याने काय करू नये ते त्यात असते. पहिल्या वर्षाचा मुलगा उद्या दुसऱ्या रूटच्या बसने निर्धास्त घरी जाऊ शकेल का, याची हमी त्याला अजून कोणी दिलेली नाही.