सोंग उतरवण्याचा हक्क

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यावर प्लिमथ पटक्सेट नावाचे एक संग्रहालय आहे. त्याच्या एका भागात 1627 सालचे इंग्रज वसाहतवाल्यांचे गाव उभे केले आहे: फळ्यांच्या भिंती, गवताने शाकारलेली छपरे, चुलीचा धूर, परसात कोंबड्या. तिथे वावरणारे नट त्या काळी हयात असलेल्या कुणा ना कुणाची भूमिका दिवसभर वठवतात. राजा कोण, असे विचारले तर ते चार्ल्सचे नाव घेतात. राष्ट्राध्यक्ष कोण, हा प्रश्न त्यांना कळतच नाही. बोलीसुद्धा त्या व्यक्तीच्या इंग्लंडमधल्या मूळ मुलखाची. थोडे चालून गेले की मूळनिवासी वाम्पानोग लोकांची वस्ती लागते. तिथे हरणाच्या कातड्याचे वस्त्र ल्यालेला एखादा माणूस भल्या मोठ्या ओंडक्यावर विस्तव ठेवून, जळून कोळसा झालेला भाग खरवडत होडी कोरताना दिसतो. कपडे, हत्यारे, विस्तव, सगळे त्या काळचे. पण हा माणूस कुणाचीही भूमिका करत नाही. तो स्वतः मूळनिवासी समाजातला असतो आणि आजचा माणूस म्हणून आजच्या भाषेत बोलतो. पूर्वजांनी होडी कशी कोरली हे सांगता सांगता, ती जमीन पुढे त्यांच्या हातून कशी गेली, हेही तो सांगू शकतो. एकाच तिकिटात पाहायला मिळणाऱ्या या दोन पद्धतींमध्ये जे अंतर आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते.

वेशभूषा केलेल्या माणसांकरवी भूतकाळ दाखवणाऱ्या संग्रहालयांची चर्चा बहुधा अचूकतेपाशी अडते. गुंड्या त्या काळच्या आहेत का, भाकरीचे पीठ जात्यावरचे आहे का, शिलाई हातची आहे का. या गोष्टी बिनमहत्त्वाच्या नाहीत, पण त्यांच्यावरून संग्रहालयाचा कस लागत नाही. माझे म्हणणे असे की, अशा संग्रहालयाचा कस समोरच्या माणसाला सोंगातून बाहेर येण्याची मुभा आहे की नाही, यावर लागतो. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. एकनाथांच्या भारुडात सोंग येते, मग ते महाराचे असो, जोगव्याचे असो की विंचू चावलेल्याचे. पण ते सोंग घेणारा निरूपणासाठी त्यातून बाहेर येतो आणि पुन्हा आत शिरतो. बहुरूपी दारात येतो तेव्हा तो खरा फौजदार नाही हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते, आणि शेवटी हात पुढे करून बिदागी मागताना तो स्वतःच ते कबूल करतो. सोंग आणि ते घेणारा माणूस, दोघेही एकाच वेळी दिसणे, हीच या खेळांची रीत आहे.

ही मुभा नसली की काय होते, याचे उदाहरण भारताशीच जोडलेले आहे. 1886 साली लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला वसाहतींचे आणि हिंदुस्थानचे मोठे प्रदर्शन भरले. तिथे हिंदी कारागीर प्रेक्षकांसमोर बसून गालिचे विणत, मडकी घडवत. पाहणाऱ्यांना ते पिढीजात धंदा करणारे, खेड्यातले निरागस कारागीर वाटले. प्रत्यक्षात त्यांतले तीसेक जण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती ती कला तुरुंगातच आली होती. राणी व्हिक्टोरियाने रुडोल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांची चित्रे काढून घेतली. बक्षीराम नावाच्या, वय 102 सांगितल्या गेलेल्या कुंभाराचे चित्र त्यांत आहे: पांढरी दाढी, सुरकुतलेला चेहरा. चित्र पाहताना हा माणूस कोण, कुठून आला, कशासाठी, यांतले काहीही उमगत नाही. त्याच्या अंगावर चढवलेले ‘सनातन हिंदी कारागीर’ हे सोंग त्याने स्वतः घेतलेले नव्हते, म्हणून ते उतरवणेही त्याच्या हाती नव्हते. याच सुमारास, 1891 मध्ये, आर्तुर हाझेलियस यांनी स्टॉकहोममध्ये स्कान्सेन उभारले, जगातले आद्य खुले संग्रहालय म्हणून ज्याचा आदराने उल्लेख होतो. जुनी घरे देशभरातून हलवून एका टेकडीवर पुन्हा उभी केली, लोकवेशातली माणसे त्यांत ठेवली, आणि त्यांच्याबरोबर उत्तरेकडच्या सामी लोकांचे एक कुटुंबही राहायला आणले. आजच्या संग्रहालयांचा वंशवृक्ष काढला तर त्याचे एक मूळ लोककलेच्या प्रेमात आणि दुसरे माणसांच्या प्रदर्शनात सापडते. हे दुसरे मूळ विसरून चालणार नाही.

व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गमध्ये हा प्रश्न सगळ्यात उघडपणे आणि सगळ्यात वेदनादायक रीतीने लढला गेला. डब्ल्यू. ए. आर. गुडविन या पाद्र्याची कल्पना आणि जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांचा पैसा यांतून 1920च्या दशकात या गावाच्या पुनर्बांधणीला सुरुवात झाली. अठराव्या शतकानंतर उभे राहिलेले बरेचसे पाडायचे आणि त्या शतकातले परत उभारायचे, असे धोरण होते. चांदीकाम, छापखाना, केसांचे टोप बनवणारे दुकान, गव्हर्नरचा वाडा, सगळे देखणे. मात्र अठराव्या शतकातल्या या गावात निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतले बहुतेक सगळे गुलाम. पहिली पन्नासेक वर्षे हे लोक पुनर्निर्मित गावात जवळपास दिसतच नव्हते. 1979 मध्ये काही कृष्णवर्णीय नटांना घेऊन हे चित्र बदलायला सुरुवात झाली आणि 10 ऑक्टोबर 1994 रोजी एका खानावळीच्या पायऱ्यांवर गुलामांच्या लिलावाचा प्रयोग करण्यात आला.

त्या दिवशी सुमारे दोन हजार लोक जमले होते. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांचे कार्यकर्ते निषेधासाठी आले होते. आमच्या पूर्वजांची विटंबना पर्यटकांच्या करमणुकीसाठी मांडू नका, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते चुकीचे म्हणता येत नाही. आफ्रिकी-अमेरिकी विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन प्रयोगाआधी गर्दीपुढे आल्या. हे आम्ही आपल्या मर्जीने करतो आहोत, आधी पाहा आणि मग काय ते ठरवा, अशी त्यांनी विनंती केली. मग त्याच कोलमन ल्यूसी नावाच्या गरोदर गुलाम स्त्रीच्या भूमिकेत पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. बोली लागली, ल्यूसी एका गिऱ्हाइकाला गेली, तिचा नवरा दुसऱ्याला. प्रयोगाला विरोध करणारे नागरी हक्क संघटनेचे एक पदाधिकारी जॅक ग्रेव्हली यांनी तो पाहिल्यावर आपले मत बदलल्याचे जाहीरपणे सांगितले. हा प्रयोग तिथे नेमाने होणारा कार्यक्रम मात्र बनला नाही. माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे सारे बळ आधीच्या त्या दोन मिनिटांत होते. एका शिकलेल्या, विभाग सांभाळणाऱ्या स्त्रीने आपल्या आजीपणजीचे दुःख स्वतः निवडून अंगावर घेतले, हे गर्दीने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून पुढे जे झाले ते तमाशा ठरले नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, मध्येच बाहेर येऊन बोलले की भ्रम तुटतो आणि भ्रम तुटला की भावना ओसरते. लोक शतकभर मागे जाण्यासाठी पैसे मोजतात, व्याख्यान ऐकण्यासाठी नव्हे. पण 1994चा प्रयोग हा आक्षेप खोडून काढतो, कारण तिथे भ्रम सुरू होण्याआधीच तुटला होता आणि तरीही लोक रडले. उलट भ्रम पूर्ण असला की काय होते, तेही विल्यम्सबर्गनेच पाहिले. 1999 मध्ये गुलामगिरीवर भर देणारा एक सविस्तर कार्यक्रम सुरू झाला. त्यात पळालेल्या गुलामांना शोधणाऱ्या गस्तीचे नाट्य होते, आणि काही प्रेक्षक इतके पेटले की गस्तवाल्यांची भूमिका करणाऱ्या नटांच्या हातून बंदुका हिसकावून घ्यायला धावले. त्यांचा राग प्रामाणिक होता. पण तो ज्यांच्यावर निघाला ते पगारावर काम करणारे नट होते, आणि तो संपल्यावर प्रेक्षकाच्या हाती इतिहासाविषयी नवे काही उरले का, याची मला शंका आहे. जुलमी माणसाला मारायला धावणे सोपे असते. त्याच गावात तो जुलूम कायद्याने, चर्चच्या संमतीने आणि शेजाऱ्यांच्या नित्याच्या व्यवहारात कसा मुरला होता, हे समजायला कुणीतरी थांबवून समजावून सांगावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आजच्या माणसाला आत येऊ दिले तर तो आजची मते भूतकाळावर लादेल, असे काही इतिहासकार म्हणतात. प्लिमथच्या इंग्रज गावातली पद्धत या दृष्टीने मोलाची आहे, हे मी मान्य करतो. सतराव्या शतकातली एखादी बाई आपल्या मुलाच्या मृत्यूत ईश्वराची इच्छा पाहते आणि त्याबद्दल तिला काहीही स्पष्टीकरण द्यावेसे वाटत नाही, तेव्हा प्रेक्षकाला परक्या मनाचा स्पर्श होतो. हे व्याख्यानाने साधत नाही. म्हणून सोंग नकोच, असे माझे म्हणणे नाही. परंतु हा परकेपणा सगळ्यांना सारखा परवडत नाही. इंग्रज वसाहतवाल्याची भूमिका करणाऱ्याला प्रेक्षक बाहेर पडताना खऱ्या आयुष्यातही वसाहतवालाच समजत नाहीत. गुलामाची भूमिका करणाऱ्याचे तसे नाही. अझी मीरा डंजी ही अभिनेत्री जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इथल्या वाड्यात मार्था वॉशिंग्टनच्या दासीची भूमिका करत असे. तिथे तिला जे प्रश्न विचारले गेले त्यांवर तिने 2013 मध्ये एक वेबमालिका केली. इतक्या थोर माणसाच्या घरी नोकरी मिळाली कशी, जाहिरात वाचून का, या वळणाचे ते प्रश्न. गुलामगिरी ही नोकरी नव्हती, एवढेही ज्याला ठाऊक नाही त्याला दासीच्या तोंडून, दासीच्या भीतीच्या मर्यादेत राहून काय उत्तर देणार? भूमिकेशी इमान राखायचे तर ते अज्ञान तसेच घरी पाठवावे लागते. डंजी यांना खरी उत्तरे देण्यासाठी संग्रहालयाबाहेर जाऊन दुसरे व्यासपीठ उभारावे लागले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आणि बाहेर येण्याची मुभा हीच काही सगळी किल्ली नव्हे, हेही सांगितले पाहिजे. प्लिमथच्या संग्रहालयाने 2020 मध्ये आपल्या नावात ‘पटक्सेट’ हा शब्द घेतला. इंग्रज येण्यापूर्वी साथीच्या रोगात उजाड झालेल्या वाम्पानोग गावाचे हे नाव. तरीही 2022 मध्ये वाम्पानोग समाजातल्या काहींनी या संग्रहालयावर बहिष्काराचे आवाहन केले. नाव बदलले, पण आमची वस्ती दुर्लक्षितच राहिली आणि तिथे काम करणारी आमची माणसेही कमी झाली, अशी त्यांची तक्रार होती. स्वतःच्या आवाजात बोलायला मिळाले, तरी त्या आवाजासाठी जागा, पगार आणि निर्णयाचा अधिकार कुणाकडे आहे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

हे सारे वाचताना महाराष्ट्राचा विचार मनात येणे अपरिहार्य आहे. कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरी संग्रहालयाने जुना गावगाडा सिमेंटच्या पुतळ्यांमधून साकारला आहे. कुंभार, लोहार, न्हावी, चांभार, विहिरीवरच्या बाया, नांगरणारा शेतकरी, सगळे बारकाईने घडवले आहेत आणि लोक ते प्रेमाने पाहतात. पुतळ्याची एकच अडचण असते: त्याला प्रश्न विचारता येत नाही. बलुत्यात तुला किती पेंढ्या मिळत, आणि नाही मिळाल्या तर तू कुणाकडे दाद मागायचास, असे त्या चांभाराला विचारता येत नाही. उद्या कुणी पेशवाईतले पुणे खऱ्या माणसांनिशी उभे करायचे ठरवले, तर पालखी, पगडी आणि पैठणी यांचा प्रश्न चुटकीसरशी सुटेल. पण पेशवाईच्या दप्तरात ज्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत त्या कुणबिणींची भूमिका कोण करणार? बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात पेशव्यांच्या पुण्यातल्या अस्पृश्याच्या कमरेच्या झाडूचा आणि गळ्यातल्या मडक्याचा उल्लेख केला आहे. ते मडके पुन्हा कुणाच्या गळ्यात बांधायचे? बांधूच नये, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. पण मग त्या पुण्यात फक्त पालख्या उरतील, आणि ते पुणे खोटे असेल. मला वाटते, ते मडके बांधायचे की नाही हे ज्यांच्या पणजोबांनी ते सोसले त्यांनीच ठरवावे, आणि बांधलेच तर ते सोडून प्रेक्षकाशी नजरेला नजर देऊन बोलण्याचा अधिकार त्यांच्याकडे असावा. त्या अधिकाराची हमी नसेल तर असे गाव उभारण्याचा विचारही करू नये.

विल्यम्सबर्गमध्ये अलीकडे जे घडले ते याच दिशेने जाणारे आहे. तिथे 1776 मध्ये स्थापन झालेली कृष्णवर्णीयांची फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च ही मंडळी होती. त्यांचे 1856चे देऊळ अठराव्या शतकातले नव्हते. 1956 मध्ये संग्रहालयाने ती जागा विकत घेतली, इमारत पाडली आणि पुढे तिथे डांबरी वाहनतळ झाला. पुनर्निर्मित गावासाठी एक साल पक्के केले की त्या सालानंतरची माणसे अशी सहज पुसली जातात. 2020 मध्ये ते डांबर उखडून उत्खनन सुरू झाले. सभोवती केसांचे टोप आणि बग्ग्या असताना, या एका चौकोनात लोक आजच्या कपड्यांत, गुडघ्यांवर बसून खरपी आणि कुंचल्याने माती सारत होते आणि ये-जा करणारे थांबून विचारतील त्याची उत्तरे देत होते. निदान 62 थडग्यांच्या खुणा सापडल्या. थडगी उघडायची की नाही, हे संग्रहालयाने ठरवले नाही. ते चर्चच्या वंशज समाजाला विचारले गेले. त्यांनी होकार दिल्यावर 2022 मध्ये त्यांतली तीन उघडली.