टोपाचा धाक

इंग्लंडच्या फौजदारी न्यायालयांत न्यायाधीश आणि बॅरिस्टर आजही घोड्याच्या केसांचा टोप घालून बसतात. माणूस मागे राहावा आणि कायद्याने बोलावं, असं त्याचं समर्थन करतात. ऐकायला बरं वाटतं. पण टोप न्यायालयात शिरला तो निव्वळ फॅशन म्हणून. फ्रान्सच्या दरबारातलं हे खूळ 1660 नंतर दुसऱ्या चार्ल्सच्या लंडनमध्ये पसरलं. न्यायाधीशांनी आधी नाकं मुरडली. 1685 च्या सुमारास तेही बधले. पुढे लोकांनी टोप टाकून दिले, न्यायालयाने मात्र ठेवले. 1822 मध्ये टोप बनवणाऱ्या हम्फ्रे रेव्हन्सक्रॉफ्टने पावडर न लागणाऱ्या टोपाचं पेटंट घेतलं आणि ते टिकवणंही सोपं झालं.

टोपामुळे सगळे वकील सारखे दिसतात, हा आणखी एक युक्तिवाद. पण उतरंड तिथेही आहेच! पांढराशुभ्र टोप दिसला की समजावं, वकील नवशिका. पिवळट, विस्कटलेला असेल तर मुरलेला.

2008 पासून दिवाणी आणि कौटुंबिक दाव्यांत न्यायाधीश टोप घालत नाहीत. फौजदारीत मात्र आहे, आणि तिथलीच एक तरतूद मला फार बोलकी वाटते. साक्षीदार लहान मूल असेल किंवा भेदरलेला असेल, तर सर्वांनी टोप आणि झगा उतरवावा असा आदेश न्यायाधीश देऊ शकतात. तसं 1999 च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे या पोशाखाचा धाक वाटतो, हे कायद्यालाच मान्य आहे. मग हा धाक हवा तरी कोणासाठी? सराईत गुन्हेगाराला टोप पाहून घाम फुटल्याचं ऐकिवात नाही. घाम फुटतो तो आयुष्यात पहिल्यांदाच साक्षीला उभ्या राहिलेल्या साध्या माणसाला, आणि त्याला बिचाऱ्याला खरंच सांगायचं असतं.

आपल्या न्यायालयांत टोप नाही. काळा कोट आणि गळ्याशी पांढरे बँड आहेत. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मात्र मुलाचा जबाब नोंदवताना पोलीस अधिकाऱ्याने गणवेशात असू नये. खाकीबाबत हे शहाणपण आपल्याला सुचलं आहे. साक्षीला आलेल्या मुलासमोर काळा कोटही खुंटीवर टांगायला हरकत नसावी.