सहावी सूना : सेप्टिक टँकचे झाकण आणि गृहस्थाचा धर्म

धर्मशास्त्राने गृहस्थाश्रमाचा विचार करताना एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली आहे : घर चालवणे म्हणजे नकळत का होईना, हिंसा करणे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा अशी पाच स्थाने सांगितली असून त्यांना ‘पंचसूना’ म्हटले आहे. सूना म्हणजे वधस्थान. चुलीत किडे जळतात, केरसुणीखाली मुंग्या मरतात आणि उखळात धान्याबरोबर त्यातला जीवही कांडला जातो. यांपैकी काहीही गृहस्थाच्या मनात नसते, तरी त्याचा दोष त्याला लागतो आणि तो फेडण्यासाठी त्याने रोज पाच महायज्ञ करावेत असे विधान आहे. याच मनुस्मृतीने जातिभेदाचे जे कठोर नियम घालून दिले त्यांचा निषेध करूनच तिच्याकडे पाहिले पाहिजे, परंतु पंचसूनेची कल्पना त्या नियमांवर अवलंबून नाही आणि तिच्यातील नैतिक दृष्टी आजही टिकणारी आहे. कोणताही गुन्हा न करणाऱ्या, देवभोळ्या, पापभीरू माणसाच्या घरातसुद्धा रोजच्या व्यवहाराच्या पोटात हिंसा दडलेली असू शकते, तिचा हिशेब त्यानेच ठेवला पाहिजे आणि ‘माझा तसा हेतू नव्हता’ एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही, ही ती दृष्टी होय.

ही यादी रचली गेली तेव्हा घरात शौचालय नव्हते. मलमूत्राचा त्याग वस्तीपासून दूर करावा असा स्मृतींचा दंडक होता, म्हणजे शुद्धीचा प्रश्न अंतराने सोडवलेला होता. सेप्टिक टँकने हे अंतर नाहीसे केले. फ्रान्समध्ये झाँ-लुई मूरा याने 1860 च्या सुमारास घराच्या सांडपाण्यासाठी बंद टाकी बांधली आणि 1881 मध्ये तिचे पेटंट मिळवले. पुढे इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन याने 1895 मध्ये तशा टाकीला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. जेथे गटारांचे जाळे पोहोचलेले नाही अशा महाराष्ट्रातील असंख्य गावांत, निमशहरी वसाहतींत आणि गोव्याच्या वाड्यांत आज हीच टाकी घराच्या अंगणात, जिन्याखाली किंवा गाडी लावण्याच्या जागेखाली असते. वस्तीबाहेरचे अंतर आता जमिनीखालचे अंतर झाले आहे. जे पूर्वी दूर जात होते ते आता पायाखाली पुरलेले असते, आणि पुरल्यामुळे ते नाहीसे झाले असा समज मात्र कायम आहे.

वस्तुतः टाकीत काहीच नाहीसे होत नाही. शौचालयातून आलेले पाणी टाकीत संथ होते, जड घनभाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट हलका भाग वर सायीसारखा तरंगतो आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. हवेविना जगणारे जिवाणू गाळाचे विघटन करतात, पण ते अपुरे असते. उरलेला गाळ साठत राहतो आणि दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. विघटनातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. यांतील शेवटचा विशेष घातक आहे. थोड्या प्रमाणात असताना त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे 100 भाग झाला की घ्राणेंद्रियच बधिर होते, म्हणजे धोका वाढतो तसतशी धोक्याची खूण नाहीशी होते. त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात काही श्वासांतच माणूस बेशुद्ध पडतो. एक जण खाली कोसळला म्हणून दुसरा उतरतो, तो वर आला नाही म्हणून तिसरा उतरतो आणि एकाच टाकीत दोन-तीन मृत्यू होतात. अशा बातम्यांत वारंवार दिसणारा हा क्रम या वायूच्या स्वभावातूनच येतो.

आता एखाद्या साधारण घरातील टाकी उपसण्याचा दिवस जवळून पाहावा. टाकी बारा-पंधरा वर्षांपूर्वी बांधलेली असते, तिच्यावर नंतर माती पडलेली असते, मातीवर कोबा किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि झाकण नेमके कोठे आहे हे बांधणाऱ्या गवंड्याखेरीज कोणालाच ठाऊक नसते. शौचालय तुंबल्यावर मैला उपसणारी गाडी बोलावली जाते, गाडीबरोबर दोन कामगार येतात, पहारीने फरशी उचकटली जाते, अंदाजाने दोन-तीन ठिकाणी खणले जाते आणि शेवटी हातभर खोल सिमेंटने लिंपलेले झाकण सापडते. पहारीच्या घावाने ते फुटते, तुकडे आत पडतात आणि इतकी वर्षे कोंडलेला वायू झाकणाभोवती वाकलेल्या माणसांच्या तोंडावर येतो. गाडीचा पाइप त्या अरुंद, तिरक्या भोकातून आत जातो, पातळ मैला खेचला जातो, परंतु कोपऱ्यात घट्ट झालेला गाळ आणि झाकणाचे तुकडे तसेच राहतात. ऊन चढलेले असते, गाडीला पुढची फेरी असते, घरमालकाला काम पूर्ण हवे असते. अशा वेळी तो सहज म्हणतो, ‘जरा उतरून बघ ना, पाच मिनिटांचं तर काम आहे.’ हे वाक्य उच्चारणारा क्रूर असतो असे नाही, पण उतरण्यावाचून दुसरा मार्ग राहू नये अशी त्या जागेची रचना त्याने स्वतःच कितीतरी वर्षांपूर्वी करून ठेवलेली असते.

येथे हिंसेच्या व्याख्येचा प्रश्न उपस्थित होतो. बौद्ध परंपरेने कर्माचे मूळ ‘चेतना’ म्हणजे हेतू यात पाहिले; त्या कसोटीवर घरमालक निर्दोष ठरेल असे वरवर वाटते. जैन परंपरेत मात्र उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत ‘प्रमाद’ ही कसोटी आणली. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, जेथे लक्ष द्यायला हवे होते तेथे न देणे. प्रमादापोटी झालेला प्राणघात म्हणजे हिंसा. त्याच ग्रंथात साधूच्या पाच ‘समिती’, म्हणजे वागण्यातील सावधपणाचे पाच प्रकार, सांगितले आहेत आणि त्यांतील पाचवा उत्सर्ग समिती हा आहे : मलमूत्र टाकताना ते जेथे पडेल तेथे कोणत्याही जीवाला इजा होणार नाही हे पाहून टाकणे. हा नियम साधूंसाठी आहे, गृहस्थाला तो त्याच काटेकोरपणे लागू नाही, हे खरे. तरीही त्यामागचा विचार विलक्षण दूरवर जातो. शरीराने टाकलेल्या वस्तूवरील माणसाची जबाबदारी ती शरीराबाहेर पडताच संपत नाही, आणि टाकण्याची क्रिया ही साधनेचाच भाग आहे. या दृष्टीने पाहता पुरलेले झाकण हा एका क्षणाचा विसर नसून काँक्रीटमध्ये ओतलेला प्रमाद आहे, आणि तो पंधरा वर्षे अखंड चालू असतो.

असा प्रमाद इतक्या सभ्य, धार्मिक घरांत का टिकतो, याचे उत्तर शौचाच्या रूढ समजुतीत शोधावे लागते. पातंजल योगसूत्रांत शौच हा पहिला नियम आहे, आणि त्याचे फळ म्हणून साधकाला स्वतःच्याच अंगाविषयी जुगुप्सा, म्हणजे किळस, वाटू लागते असे सांगितले आहे. किळस तेथे स्वतःकडे वळलेली आहे. देहाची खरी घडण ओळखून त्याचा मोह सोडण्याचे ती साधन आहे. जातिव्यवस्थेने नेमकी हीच दिशा उलटी केली. मल स्वतःच्या देहातून निघाला, पण विटाळ तो उचलणाऱ्याच्या देहाला चिकटला, तोही जन्मभर आणि पिढ्यान्‌पिढ्या. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी आपल्या अभंगांतून विचारले होते की विटाळ देहातच उपजतो, तर विटाळावाचून असलेला देह दाखवावा कोणी; या प्रश्नाला धर्मपीठांनी कधी सरळ उत्तर दिले नाही. पुरलेले झाकण हे त्या न दिलेल्या उत्तराचेच आजचे रूप मानावे लागते, कारण टाकी दिसू नये, तिची आठवणही येऊ नये, ही इच्छा सौंदर्यदृष्टीइतकीच विटाळाच्या भावनेतून आलेली असते. गावोगावी गरजेपेक्षा कितीतरी मोठी टाकी बांधून ‘एकदा बांधली की जन्मभर बघायला नको’ असे समाधान मानले जाते त्यामागेही हीच भावना आहे, आणि तिचा परिणाम उलटाच होतो : वर्षानुवर्षे न उपसलेला गाळ दगडासारखा बसतो, पंपाने निघत नाही आणि अखेरीस तो काढण्यासाठी माणूसच आत घालावा लागतो. ज्या मनुस्मृतीने शुद्धीचे इतके बारकावे सांगितले तिनेही सर्व शौचांत अर्थशौच, म्हणजे पैशाच्या व्यवहारातील शुद्धी, श्रेष्ठ ठरवली आहे. टाकी उपसणाऱ्याच्या मजुरीत त्याच्या जिवाची किंमत धरलेली नसते, एवढे लक्षात घेतले तरी या श्रेष्ठ शुद्धीचे काय होते ते कळते.

उपाय मात्र अगदी साधा आहे. टाकीच्या भोकावर उभ्या गोल कड्या बसवून ते भोक जमिनीच्या पातळीपर्यंत वर आणायचे. अमेरिकेत, जेथे पाचांतील एकाहून अधिक घरे अशा टाक्यांवर अवलंबून आहेत, या कड्यांना रायझर म्हणतात आणि त्या बहुधा वीस ते चोवीस इंच व्यासाच्या, प्लास्टिकच्या असतात. तेथे त्यांची शिफारस मुख्यतः सोयीसाठी होते, दर वेळी हिरवळ खणावी लागू नये म्हणून. आपल्याकडे हेच काम विहिरीला वापरतात तशा सिमेंटच्या रिंगांनी होऊ शकते. जुने झाकण काढून स्लॅबची कड साफ करावी, रिंग बसवताना सांधा पूर्ण जलरोधक करावा, कारण कोकणातल्या पावसाचे पाणी तेथून आत शिरले तर टाकी आठवडाभरात भरते. रिंगेची वरची कड जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवावी, टाकीला दोन कप्पे असल्यास दोन्हींवर असे तोंड असावे आणि व्हेंट पाइप मोकळा असावा. हे काम करतानाही कोणी टाकीत डोकावू किंवा उतरू नये, हे वेगळे सांगायला हवे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. तोंड सुलभ केले की आत उतरणेही सुलभ होईल, आणि ज्याला रोखायचे त्यालाच वाट करून दिल्यासारखे होईल. शिवाय उघड्यावर आलेल्या झाकणातून एखादे मूल आत पडण्याचा धोकाही वाढेल. आक्षेप खरा आहे, म्हणूनच केवळ रायझर पुरेसा नाही. त्याच्या गळ्यात पाइप जाईल पण माणूस जाणार नाही अशी लोखंडी किंवा प्लास्टिकची जाळी पक्की बसवलेली हवी आणि वरचे झाकण बोल्टने आवळलेले हवे. तोंड यंत्रासाठी उघडायचे आणि देहासाठी बंद करायचे, असा हा दुहेरी हेतू आहे. सरळ उभ्या, रुंद तोंडातून पाइप तळाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवता येतो, गाळ किती चढला हे काठी घालून वरूनच मोजता येते आणि वेळेवर उपसा झाल्याने तो घट्टच होत नाही. मग ‘जरा उतरून बघ’ म्हणण्याचा प्रसंग उरत नाही.

मैला साफ करण्याच्या कामाला थोर सेवा मानण्याची जी परंपरा महाराष्ट्रात रुजली तिचाही येथे विचार करावा लागेल. गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात हे काम आपल्याला मिळावे म्हणून आग्रह धरला, तो नाकारला गेला तेव्हा उपोषण केले आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्नत्याग केला. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने विटाळाची भिंत स्वतःच्या हातांनी पाडावी, ही त्या काळातील फार मोठी कृती होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली हरकतही तितकीच अचूक होती : ज्यांच्यावर हे काम जन्माने लादले गेले आहे त्यांच्यापुढे त्याचे उदात्तीकरण करणे म्हणजे त्यांना त्यातच ठेवणे. या दोन भूमिकांत निवड करावयाची झाल्यास आजच्या गृहस्थाने आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. मैल्यात उतरणाऱ्याला वंदन करणाऱ्या घरापेक्षा, उतरण्याची गरजच मोडून काढणारे घर अधिक धार्मिक आहे.

कायद्याने ही भूमिका घेतलेली आहे. 1993 च्या पहिल्या कायद्याचा रोख हाताने मैला उचलण्यावर आणि कोरड्या शौचालयांवर होता. 6 डिसेंबर 2013 रोजी अमलात आलेल्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाईही निषिद्ध केली, आणि हा निषेध सरकारी संस्थांप्रमाणेच कोणत्याही खासगी व्यक्तीला लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा सफाईत झालेल्या मृत्यूंसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली आणि 2023 मध्ये ती 30 लाख केली. धर्मविचाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे प्रकरण मुंबईचे आहे. गोवंडीतील एका गृहसंकुलाची टाकी साफ करताना डिसेंबर 2019 मध्ये तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर 2021 मध्ये न्यायालयाने त्यांना प्रत्येकी 10 लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला देऊन ती रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याची मुभा ठेवली.

ही जबाबदार व्यक्ती कोण, हा प्रश्न येथे उभा राहतो. पंचसूनेच्या विधानात दोष कोणाला लागतो याविषयी शंका नव्हती, कारण घराला एक कर्ता होता. गृहसंकुलात टाकी सर्वांची असते आणि म्हणूनच कोणाचीच नसते : समितीने ठेकेदाराला सांगितले, ठेकेदाराने मुकादमाला, मुकादमाने नाक्यावरच्या मजुराला, आणि या साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला दोषाचा एवढा लहान तुकडा येतो की तो कोणालाच जाणवत नाही. परंतु उखळावर तीन बायकांनी मिळून कांडले म्हणून त्यातल्या जिवाची हिंसा तीन भागांत वाटून नाहीशी होते असे शास्त्राने कोठेही म्हटलेले नाही. पाच महायज्ञांतील एक नृयज्ञ, म्हणजे दाराशी आलेल्या माणसाचा सत्कार, हा आहे. पहार घेऊन दाराशी आलेला माणूस त्यातून वगळण्याला कोणताही आधार नाही. संकुलाच्या वार्षिक सभेत रंगकाम, लिफ्ट आणि गणेशोत्सवाची वर्गणी यांच्याबरोबर टाकीचे झाकण कोठे आहे, ते वर आणले आहे काय, त्यात जाळी आहे काय, शेवटचा उपसा केव्हा झाला आणि तो यंत्रानेच झाला काय, हे इतिवृत्तात नोंदवले जावे, आणि त्या नोंदीखाली सेक्रेटरीबरोबर प्रत्येक सभासदाची सही असावी.